मगदूम सरांनी पुकारलं होतं

बसा मंडळी, बसून घ्या. पुढं सरका जरा. त्या खांबामागं अजून जागा मोकळी आहे, पण तिथं सहसा कुणी बसत नाही, का? तर तिथनं बुवा दिसत नाहीत! अहो, बुवा काय बघायचे आहेत? दाढी पिकलेली, उपरणं चुरगळलेलं. ऐकायला आला असाल तर खांबामागची जागा सगळ्यात चांगली. आणि आज तर गोष्टच ऐकण्याची आहे.

पूर्वरंगात आपण बोललो श्रवणभक्तीबद्दल. नऊ भक्ती सांगितल्या, त्यात श्रवण पहिली. मघाशी कुणीतरी मागनं पुटपुटलं, "सोपी आहे म्हणून पहिली ठेवली असेल." ऐकलं मी ते. सोपी आहे व्हय? बरं, बघू.

आता उत्तररंगाला एक प्रश्न ठेवतो तुमच्यापुढं. घाई करू नका, सावकाश विचार करा. माणूस एक अक्षर खोटं न बोलता दुसऱ्यावर खोटा आळ घेऊ शकतो का? — पाटील मान हलवतायत. नाही म्हणतायत. खोटं बोललाच नाही, तर आळ खोटा होईल कसा? बरोबर वाटतंय ना? ठेवा ते उत्तर गाठीला बांधून. जाताना परत विचारणार आहे.

आज पुराणातलं आख्यान लावलेलं नाही मी. राजा नाही, राक्षस नाही, आकाशवाणी नाही. आपल्याच गावची गोष्ट आहे. नावं घेऊन सांगणार आहे, आणि चोरून सांगत नाहीय. ज्याची गोष्ट तो माणूस मागच्या सोमवारी माझ्या घरी आला. म्हणाला, "बुवा, सप्त्यात माझं आख्यान लावा. नाव झाकू नका." तो आत्ता या मंडपात बसलाय. — वळून बघू नका ओ! लगेच माना वळल्या. इकडं बघा, माझ्याकडं. आणि या गोष्टीत माझाही एक अपराध आहे. तोही सांगणार आहे, पण शेवटी. आधी सांगितला तर तुम्ही पुढची गोष्ट ऐकणार नाही, माझ्याचकडं बघत बसाल.

तर ऐका. हिंदुराव शिंत्रे. तिकटीवरनं, तीन रस्ते मिळतात तिथनं, संकेश्वर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला गॅरेज. मोटारींचा धन्वंतरी! गाडी लांबनं येताना ऐकायचा आणि हातातलं काम न सोडता सांगायचा, "तिसरा सिलिंडर मारंना झालाय बघ." गाडी दारात येईस्तोवर निदान तयार. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर, मूठ कानाला. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. डोळे मिटायचा. आणि सांगायचा ते कधी चुकायचं नाही. कोल्हापूरचे मोठमोठे गॅरेजवाले गाडी घेऊन याच्याकडं यायचे, हे मी स्वतः बघितलंय.

आणि गाडी चालवायचा कशी? विचारू नका. त्याच्याकडं जुनी फियाट होती, पांढरी, दारावर लाल पट्टा. आपल्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर मोटार क्लबची रॅली, म्हणजे गाड्यांची शर्यत, व्हायची. आजरा, आंबोली, तिकडं. त्या रॅलीत हिंदुराव म्हणजे हिंदुराव. नव्या गाड्या घेऊन पुण्याची पोरं यायची, धुरळा खात घरी जायची.

पण मंडळी, ज्ञान आलं की मागनं एक पाव्हणा येतो. न बोलावता येतो आणि माजघरात पथारी टाकतो. हिंदुरावला बोलायची सवय लागली! नव्या गाडीचं नाव काढायचा अवकाश, सुरू. "ही गाडी हाय? ही टीव्हीला चार चाकं लावल्यात. पुढं टीव्ही, मागं टीव्ही. गाडी मागं घ्यायची तर मान वळवायची का चित्र बघायचं? आणि सारखी टूं टूं करतीय. पट्टा लाव, दार लाव, पेंगू नको. गाडी घेतली का सासू आणली घरात?"

हसा, हसा. बायकांनी हसू नये, तुमच्यावरनं चाललंय.

"आणि ती विजेवरची गाडी. मुकी! पोटात इंजिन नाही, बोंबलायला तोंड नाही. फोन लावल्यासारखी भिंतीला लावायची. अरे, माझ्या फियाटला पोटात दुखलं तर ती मला सांगती. ही काय सांगणार? हिला कॉम्प्युटर लावल्याशिवाय हिचं हिला कळत नाही." टीव्हीवर परदेशातल्या मोटारींची शर्यत लागली तर चहाच्या टपरीवर याचं प्रवचन. "पूर्वी गाडी समोरनं गेली तर छातीत धडधडायचं. आता? माशी गेल्यागत जाती. आणि पन्नास माणसं मागं कॉम्प्युटर घेऊन बसल्यात, ड्रायव्हरच्या कानात सांगाय लागल्यात, टायर जप, ब्रेक जप, आता पुढं जा, आता नको जाऊ. मग त्याला कशाला बसवलाय आत? ह्याला शर्यत म्हणायची तर मग माझी म्हस पण शर्यतीत पळती."

आता खरं सांगू का, मला त्याचं पटायचं. मी काही गाड्यांतला नव्हे. पण मागच्या महिन्यात निपाणीकडं कीर्तनाला निघालो, जावयाची गाडी. त्या गाडीतली बाई सांगायला लागली, दोनशे मीटरवर डावीकडं वळा. वळलो. उजवीकडं वळा. वळलो. मंडळी, उसाच्या फडात नेऊन घातलं की ओ तिनं मला! फडाच्या मधोमध उभं करून म्हणती, तुम्ही पोचलात. शेजारी आमची मंडळी बसलेली. ती पहिल्यापासनं सांगत होती, "अहो, हा रस्ता नव्हं." पण घरच्या बाईचं कोण ऐकतो? त्या गाडीतल्या बाईचं ऐकलं!

असो. विषय तोच आहे बरं का. लांब गेलो नाही.

रॅलीत गाडीत दोन माणसं असतात. एक चालवणारा. दुसरा त्याच्या डाव्या हाताला, वाट सांगणारा, त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. आदल्या दिवशी दोघांनी त्याच रस्त्यानं हळूहळू जायचं. वाट सांगणारा वहीत लिहून घेतो. शंभर मीटर सरळ, मग डावं वळण, पुढं आवळत जातंय, पुढं ओढ्यावरची मोरी. शर्यतीच्या दिवशी चालवणारा पुढचं वळण बघत बसत नाही. बघेपर्यंत गाडी दरीत. तो फक्त ऐकतो. शेजारचा वहीतनं पुकारतो आणि हा त्या शब्दावर स्टेअरिंग फिरवतो. जीव कशावर टांगलेला असतो? शेजारच्याच्या शब्दावर! आता सांगा, श्रवणभक्ती सोपी आहे का?

हिंदुरावचा वाट सांगणारा कोण? भूपाल मगदूम. आपल्या हायस्कुलात गणित शिकवायचे, मगदूम सर. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शाळेतली शंभर पानी वही आणि टोक केलेली शिसपेन्सिल घेऊन गाडीत बसायचे. एकवीस वर्षं एका गाडीत बसली ही जोडी. सर कधी ओरडायचे नाहीत, वर्गात फळ्यावरचं गणित वाचावं तसं वाचायचे. आणि हिंदुराव जगात कुणाचं ऐकायचा नाही, पण गाडीत बसलं की सरांचं ऐकायचा.

मग क्लबनं हेल्मेटमधला माइक आणला. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात थेट. सगळ्यांनी लावला. हिंदुराव म्हणाला, "मला नको. कानात माणूस बसवून घेतल्यावर मी इंजिन कुठनं ऐकू? सरांचा आवाज मला येतोय तसा येतोय." नियमात सूट होती जुन्या गाड्यांना, घेतली.

आता इथं कान द्या. हिंदुरावचे कान जायला लागले होते.

चाळीस वर्षं उघड्या इंजिनाशेजारी काढलेली. कानात कधी कापसाचा बोळा नाही. आणि कान जातात ते एकदम नाही जात हो. आधी बारीक आवाज जातात. पाखरं जातात, मग बायकांचं बोलणं जातं, मग कुकरची शिट्टी. इंजिनाची घरघर मात्र येत राहते, त्यामुळं माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. त्याची बायको शालन वहिनी, ती दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा जवळ येऊन सांगायची. हा म्हणायचा, "तू पुटपुटतीस. नीट बोल की." गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीत बसायचा आणि म्हणायचा, "हिला आवाजच नाही." अहो आवाज होता! कमी होता, पण होता. ह्याच्यापर्यंत पोचत नव्हता. आपल्या कानाचा दोष गड्यानं साऱ्या मोटार कंपन्यांवर घातला.

घरच्यांच्या ध्यानात आलं नाही. गॅरेजात कुणाच्या आलं नाही. आलं ते एका माणसाच्या. मगदूम सरांच्या. त्यांनी पुकारलेलं वळण हिंदुरावनं दोनदा उशिरा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलंच नाही, सरांनी त्याच्या मांडीवर हात मारला तेव्हा गाडी वळली.

सर हुशार माणूस. काही बोलले नाहीत. पुढच्या रॅलीपासनं त्यांनी पुकारायचं चालूच ठेवलं, पण जोडीला उजव्या हाताची दोन बोटं हिंदुरावच्या डाव्या मांडीवर. एक ठोका, डावं. दोन ठोके, उजवं. आणि तीन ठोके म्हणजे हळू.

सांगितलं का त्याला, की मी असं करतोय? नाही! पण एकवीस वर्षांची जोडी, मांडी आपोआप शिकली. ठोका पडला की पाय ब्रेकवर जायचा, हात फिरायचे. आणि हिंदुरावला काय वाटायचं? "मला वळण आतनंच कळतंय. गाडीच सांगती मला." त्या दोन वर्षांत दोन कप जिंकले. टपरीवर म्हणायचा, "सर काय, वजनाला बसत्यात. आणि सारखी बोटं नाचवायची खोड हाय त्यांना. म्हातारपण, दुसरं काय." सर तिथंच बसलेले असायचे, चहा घेत. हसायचे. सर का बोलले नाहीत, ते पुढं कळेल.

मग ती आजऱ्याची रॅली आली. सकाळची वेळ, गाड्या रांगेत. पुण्याचा एक पोरगा हिंदुरावला म्हणाला, "काका, तुमचे नॅव्हिगेटर तुम्हाला मांडीवर थोपटतात का हो? झोप येते का तुम्हाला?" सगळे हसले. हिंदुरावच्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत बसला आणि म्हणाला, "सर, आज बोटं आवरा. माझं लक्ष जातंय."

सर म्हणाले, "हिंदुराव, एक सांगू का?"

"रेस झाल्यावर सांगा."

सरांनी वही उघडली. उजवा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. आणि झेंडा पडला.

मंडळी, तिथं सरांनी सांगायला हवं होतं. मला विचाराल तर तिथंच उतरायला हवं होतं गाडीतनं. पण एकवीस वर्षांच्या मैत्रीला वाटतं, एवढं एकदा निभेल. आपण नाही का म्हणत, एवढी दिवाळी जाऊ दे, मग बोलू?

अकराव्या किलोमीटरला उजवं वळण, आवळत जाणारं, आणि वळणात मोरी. हिंदुरावनं वळण घेतलं नाही. गाडी सरळ गेली, मोरीचा कठडा फोडून खाली ओढ्यात. हिंदुरावला खरचटलं. सरांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला, नडगी बाहेर आली होती.

दीड महिन्यानं क्लबनं चौकशी बसवली. सर कुबड्या घेऊन आले. अध्यक्षांनी विचारलं, "हिंदुराव, काय झालं?" हिंदुराव उभा राहिला आणि देवाशपथ सांगतो म्हणाला, "वळण आलं आणि सरांनी पुकारलंच नाही."

पाटील, तुम्हाला विचारतो. खोटं बोलला का तो? नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं! त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. आपल्याला ऐकू आलं नाही, त्याला आपण म्हणतो, सांगितलंच नाही.

अध्यक्ष सरांकडं वळले. "सर, तुमचं म्हणणं?" सरांनी कुबडी भिंतीला लावली. म्हणाले, "माझी चूक झाली. ओळ चुकली वहीतली." तेवढंच. सही केली. क्लबनं त्यांना वाट सांगायला कायमची बंदी केली. हिंदुरावचं लायसन तसंच राहिलं.

घरी विमलकाकूंनी, त्यांच्या मंडळींनी, विचारलं, "तुम्ही पुकारलं नाही? तुम्ही?" सर म्हणाले, "त्याचे कान गेलेत, हे क्लबला कळलं तर त्याचं रॅलीचं लायसन गेलं. त्याला गाडीशिवाय काय आहे? मला शाळा आहे."

होती शाळा! पण गाव होतं ना. आपण होतो ना! ओळ चुकली म्हणजे डुलकी लागली असणार! झोपाळू मगदूम. म्हणत होता की नाही? आता खाली बघू नका. फळ्याकडं वळले की मागच्या बाकावरनं पोरं म्हणायची, "सर, वळण आलं." बाजारात कुणी म्हणायचं, "सर, घरची वाट सापडतीय नव्हं?" लंगडत जायचे आणि हसायचे. निवृत्तीला दोन वर्षं होती, आधीच कागद दिला आणि घरी बसले.

आणि हिंदुराव? त्यानं फियाट ओढ्यातनं काढली. चार महिने राबला. पत्रा ठोकला, रंग दिला, लाल पट्टा परत ओढला. गाडी नवरीसारखी केली. सरांच्या घरी एकदा गेला नाही. सहा वर्षं! गाव केवढं आपलं? तिकटीवर दोघं समोरासमोर आले तर हा गाडीची काच वर घ्यायचा. त्याच्या मनात सलत होतं, की या माणसानं मला मारला असता.

इथपर्यंत गोष्ट ऐकून हिंदुरावचा राग येतोय ना? यायला पाहिजे. त्यालाही येतो.

मग मागच्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, बाजाराचा दिवस. गॅरेजसमोर गिऱ्हाइकं उभी. हिंदुराव कुणालातरी सांगत होता, नव्या गाड्यांत राम नाही, इंजिन असावं तर असं. फियाटची किल्ली फिरवली, गाडी सुरू केली. कुणीतरी जवळ येऊन काहीतरी विचारलं, उत्तर दिलं, परत गाडीकडं वळला. एव्हाना इंजिनाची घरघरही कानातनं गेली होती, त्याला वाटलं, गाडी बंद आहे. आणि चालू इंजिनावर त्यानं परत किल्ली फिरवली!

ज्यांना गाडी येते त्यांच्या अंगावर काटा आला बघा. ज्यांना येत नाही त्यांना सांगतो, चालू इंजिनावर परत स्टार्टर मारला की आतल्या चाकांचे दाताला दात घासतात. असं खर्रर्रकन् वाजतं की रस्त्यावरची म्हस दावं तोडेल. शिकाऊ माणूस करतो ते. असं करणाऱ्याला हिंदुरावनं गॅरेजबाहेर काढलेलं आहे. त्यानं किल्ली धरूनच ठेवली. समोरची माणसं कानावर हात ठेवून उभी. तो बघतोय, हे असं का करतायत?

शालन वहिनी घरातनं धावत आली. तिनं त्याचा हात किल्लीवरनं काढला आणि उचलून बॉनेटवर ठेवला. बॉनेट थरथरत होतं.

आता कुणावर ढकलणार? ही टीव्हीवाली गाडी नव्हती. मुकी नव्हती. ही त्याची फियाट होती, जिचा आवाज झोपेत ओळखतो म्हणायचा.

कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बाईनं विचारलं, "काका, किती वर्षं झाली ऐकू येत नाही?" हा म्हणाला, "एक दोन महिनं." बाई म्हणाली, "निदान आठ-दहा वर्षं झाली असतील." कानात यंत्र बसवलं. एवढंसं! आणि त्या यंत्रात काय असतं मंडळी? कॉम्प्युटर. ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या तोच कानात बसला. बाहेर आला आणि रस्त्यात थांबला. म्हणाला, "शालन, हे चिवचिव काय वाजतंय?" ती म्हणाली, "चिमण्या हायत." रडली बिचारी रस्त्यात.

घरी आला तेव्हा दारात विमलकाकू बसलेल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. पंधरा दिवसांपूर्वी सरांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काकूंनी पदराखालनं एक डबी काढली. त्या रॅलीत सरांनी गाडीत एक छोटा कॅमेरा लावला होता, आपली वही तपासायला, घरी बघायला, त्याचं कार्ड त्या डबीत होतं. हिंदुराव तेव्हा हसला होता, "रॅलीला आलाय का लग्नाला?" काकू म्हणाल्या, "यांनी कुणाला दाखवू दिलं नाही. चौकशीत पण नाही. आता ते बोलू शकत नाहीत, मग मला कोण अडवणार? तुम्ही ऐका."

त्यांच्या पुतण्यानं लावून दिलं. आधी आलं फियाटचं इंजिन. हिंदुरावचा चेहरा उजळला हो! किती वर्षांनी तो पूर्ण आवाज, वरचा सूर, खालचा सूर. म्हणाला, "बघा, असं वाजायला पाहिजे." आणि त्या आवाजातनं दुसरा आवाज आला. शांत. फळ्यावरचं वाचल्यासारखा. "दोनशे सरळ. उजवं, आवळतंय, मोरी. — उजवं, हिंदुराव. मोरी. हळू. — हळू! — हिंदुराव, हळू—"

आणि कठडा.

हिंदुराव खाली बसला. परत लाव म्हणाला. परत लावलं. पाच वेळा ऐकलं त्यानं. सर एकदाही थांबले नव्हते. गाडी हवेत गेली तरी पुकारत होते.

विमलकाकूंनी मग मांडीवरच्या ठोक्यांचंही सांगितलं. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय. दोन कप कुणी जिंकले ते हिंदुरावला तेव्हा कळलं.

तसाच उठला आणि गेला सरांच्या घरी. सर ओसरीवर बाकावर बसवलेले, उशीचा टेकू. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. तोच हात! हिंदुराव सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला बसायला गेला, तिथं तो हात होता. थांबला. वळसा घालून डावीकडं बसला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाट सांगणाऱ्याच्या जागेवर.

आणि सुरू झाला. "सर, मी ऐकलं. सर, तुम्ही पुकारलं हुतं. सर, मी चौकशीत... सर, माझी जीभ झडायला पायजे हुती. सर, मी क्लबात जातो, सगळ्या गावाला सांगतो, सर, तुम्ही मला एक शिवी तरी घाला, सर—" शब्दावर शब्द, श्वास नाही, रडणं थांबत नाही. सरांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. ज्याला ऐकायचं नव्हतं त्याला आता चिमण्या ऐकू येत होत्या, आणि ज्याचं ऐकायचं त्याच्याकडं शब्द उरला नव्हता.

मग सरांनी डावा हात उचलला. कसाबसा उचलला. हिंदुरावच्या मांडीवर ठेवला. आणि दोन बोटांनी ठोके दिले. एक. दोन. तीन.

हळू.

त्यानंतर तो रोज जायचा. रोज डावीकडं बसायचा. फाल्गुनात सर गेले. त्या पाच महिन्यांत सरांचा एकही शब्द त्याला ऐकायला मिळाला नाही. क्लबात जाऊन त्यानं सगळं लिहून दिलं, स्वतःचं लायसन टेबलावर ठेवून आला. कागद दुरुस्त झाला. पण सरांना झोपाळू म्हणणारी तोंडं काही क्लबात नव्हती, ती इथं होती. म्हणून तो माझ्याकडं आला.

आणि आता माझा अपराध.

चार वर्षांपूर्वी याच मंडपात, याच जागेवर उभं राहून मी गुरूचं निरूपण केलं होतं. दृष्टांत दिला. म्हटलं, "वाट दाखवणाराच झोपला तर गाडी ओढ्यात जाणारच, आपल्या गावाला काय सांगायला पाहिजे?" केवढे हसलात तुम्ही! मला बरं वाटलं, दृष्टांत रंगला. आणि त्या खांबापाशी मगदूम सर बसले होते, कुबडी मांडीवर आडवी घेऊन. मी त्यांना बघितलं होतं. बघून दिला दृष्टांत. ते उठून गेले नाहीत. शेवटपर्यंत बसले, प्रसाद घेतला, मला नमस्कार करून गेले. मी कुणाला विचारलं होतं का, काय झालं होतं? दुसऱ्याला ऐकायला सांगायचं हा माझा धंदा, आणि मी एका माणसाच्या तोंडनं ऐकलं आणि हजार माणसांना सांगितलं.

विमलकाकू, तुम्ही बायकांत तिसऱ्या रांगेत बसलाय. मी या जागेवरनं खोटं बोललो होतो. या जागेवरनंच परत घेतो. मगदूम सरांनी पुकारलं होतं. शेवटपर्यंत पुकारलं होतं. सरांची माफी मला मागता येत नाही, तुमची मागतो.

पाटील, आता प्रश्न परत विचारतो. उत्तर नको, मान पण हलवू नका.

तुम्हालाही सांगतो, मंडळी. नवी गाडी वाईट की जुनी चांगली, हा वाद घाला टपरीवर, मीही येईन. पण घरी गेल्यावर आठवा, आज शेजारच्या माणसानं काय सांगितलं. म्हातारीनं दोनदा सांगितलं असेल, औषध संपलंय. लेकीनं सांगितलं असेल, मला त्या घरी नाही जायचं. आणि आपण काय म्हणालो? पुटपुटू नको. रेस झाल्यावर सांग. आणि तुमच्यात एखादा मगदूम सर बसला असेल, सगळं कळत असून मित्राला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलेला, तर त्यालाही सांगतो. बाबा, मांडीवर ठोके नकोस देऊ. तोंडानं सांग. भांडण होऊ दे, पण सांग. सरांची एवढी एकच चूक होती, आणि ती त्यांनी प्रेमानं केली म्हणून ती चूक नाही असं होत नाही.

आज शेवटी गजर नको. पेटी मिटव विष्णू. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. हिंदुराव, खांबामागं बसलाय ते कळलंय मला, बाहेर या आणि इथं पुढं बसा, काकूंना दिसाल असे. या. कुणी काही बोलणार नाही.

मृदंगवाल्या, तू फक्त तीन थापा दे. सावकाश दे.

आता उठा. हळू उठा, म्हाताऱ्या माणसांना आधी जाऊ द्या.